गुरुदेव रवींद्रनाथ टागोर आणि शांतिनिकेतनची पाठशाला

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांत ज्ञानदानाचा महिमा जैन परंपरेने विशेष गायिला आहे. विश्वकवी म्हणून जगविख्यात झालेल्या गुरुदेव रवींद्रनाथ टागोरांचे जीवन या ज्ञानदानाचा एक थोर आदर्श आहे.

७ मे १८६१ रोजी कलकत्त्याच्या जोडासाँको येथील संपन्न ठाकूर घराण्यात त्यांचा जन्म झाला. शाळेच्या चार भिंतींत त्यांचे मन कधीच रमले नाही. पुढे स्वतः शाळा काढताना हा अनुभव त्यांना मार्गदर्शक ठरला.

पिताश्री महर्षी देवेंद्रनाथांनी १८६३ मध्ये बोलपूरजवळ वीस बिघे माळरान घेऊन शांतिनिकेतन आश्रमाचा पाया घातला होता. आवारात कोणत्याही धर्माची निंदा, मांसाहार व मद्यपान होऊ नये, असा दंडक त्यांनी १८८८ च्या विश्वस्तपत्रातच घालून दिला. याच पवित्र भूमीवर २२ डिसेंबर १९०१ रोजी रवींद्रनाथांनी अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू केली. प्रारंभी शुल्क नव्हते. खर्चासाठी पत्नी मृणालिनीदेवींचे दागिने आणि पुरी येथील घर विकावे लागले. १९०२ मध्ये मृणालिनीदेवींचे निधन झाले. पुढील पाच वर्षांत कन्या रेणुका, पिताश्री आणि धाकटा पुत्र शमींद्र यांचाही वियोग घडला. एवढे आघात सोसूनही त्यांनी शाळा बंद पडू दिली नाही.

येथे वर्ग वृक्षांच्या छायेत भरत. संगीत, नाट्य व चित्रकला यांना अभ्यासाइतकेच स्थान होते. ऋतूंच्या उत्सवांसाठी गुरुदेव स्वतः गीते व नाटके रचत आणि विद्यार्थ्यांसमवेत भूमिकाही करीत. १९१९ मध्ये कलाभवन स्थापन होऊन नंदलाल बोस यांच्यासारखे गुरू लाभले. महाराष्ट्राचे पंडित भीमराव शास्त्री यांनी तेथे शास्त्रीय संगीत शिकविले. १९२४ मध्ये सुरू झालेल्या शिक्षासत्रात खेड्यातील गरीब मुले बागकाम, विणकाम व घरकाम करता करता त्यातूनच विद्या शिकत.

१९२१ मध्ये विश्वभारतीची विधिवत स्थापना झाली. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही, चीनचे तान युन-शान असे विद्वान तेथे अध्यापनास आले. १९३१ मध्ये दानशूर श्री. बहादुरसिंहजी सिंघी यांच्या औदार्याने तेथे सिंघी जैन ज्ञानपीठ स्थापन झाले आणि मुनी जिनविजयजींनी त्याची धुरा वाहिली. वैदिक, बौद्ध, जैन व इस्लामी विद्यांचा अभ्यास एकाच आवारात होऊ लागला. अनेकांताचा हा जणू प्रत्यक्ष पाठच होता.

आर्थिक विवंचना मात्र सुटली नाही. १९१३ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कम पतिसरच्या कृषी बँकेत ठेवून तिचे व्याज गुरुदेवांनी शाळेस दिले. १९३६ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, प्रकृती साथ देत नसतानाही ते 'चित्रांगदा' नृत्यनाट्याचा संच घेऊन निधीसाठी गावोगाव हिंडत होते. दिल्लीत महात्मा गांधींनी हे पाहिले आणि साठ हजार रुपयांची व्यवस्था करून त्यांना ही दगदग थांबविण्यास सांगितले.

७ ऑगस्ट १९४१ रोजी गुरुदेवांनी देह ठेवला. विश्वभारती १९५१ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली आणि २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. संस्थेस देणग्या अनेकांनी दिल्या, परंतु पहिला दाता संस्थापक स्वतः होता आणि वृद्धापकाळी तिच्यासाठी हात पसरण्यातही त्याने कमीपणा मानला नाही. प्रत्येक विश्वस्ताने आणि कार्यकर्त्याने हे उदाहरण सदैव स्मरणात ठेवावे.