दहा दिवसांचं बाळ आणि डॉ. आनंदीबाई

डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्यांचं आपल्या कोल्हापूरशी असलेलं नातं फार थोड्या जणींना ठाऊक असतं. आणि त्यांच्या डॉक्टर होण्यामागे एक दहा दिवसांचं बाळ होतं, हे तर आपण वाचतो आणि विसरतो.

31 मार्च 1865 रोजी जन्मलेली ही कल्याणची यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास. बदली होत होत हे जोडपं कोल्हापुरात आलं. इथे पूर्वी काम केलेल्या वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना गोपाळरावांनी 1878 मध्ये आनंदीच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं. ते तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं आणि सातासमुद्रापलीकडे आनंदीला एक मावशी मिळाली.

त्याच सुमारास, वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि दहा दिवसांत ते बाळ गेलं. आपल्या बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे तिनं मनाशी पक्कं केलं. 1883 मध्ये ती बोटीनं अमेरिकेला गेली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी पदवी घेतली. प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हाच!

कोल्हापूर संस्थाननं त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. पण क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन त्या परतल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. बाविशीही गाठली नव्हती. कोल्हापूरच्या बायका त्यांची वाटच पाहत राहिल्या.

मैत्रिणींनो, वस्त्यांमधून बाळंतिणींना भेटताना मला ते दहा दिवस नेहमी आठवतात. कारण आजही बाळाच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका पहिल्याच दिवसांत असतो. आता कावीळच घ्या. बाळाच्या रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी फुटतात, त्यातून पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागतं. बहुतेक बाळांचं हे आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप कमी होतं. पण ऐन पाचवीच्या सुमारास, घरात सटवाईच्या पूजेची गडबड असते तेव्हाच, ती सर्वांत जास्त असू शकते. त्यात बाळंतिणीची खोली अंधारी! पिवळेपणा दिसणार कसा? बाळाला दिवसाच्या उजेडात न्या, कपाळावर बोटानं हलकंसं दाबून पाहा.

पहिल्या 24 तासांतच बाळ पिवळं झालं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, बाळ सुस्त पडून दूध ओढेनासं झालं, शी पांढरट झाली किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर थांबू नका. कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होते, कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गंडादोरा, साखरपाणी, मध यातलं काहीही नको. कोवळं ऊन हाही उपचार नव्हे. अंगावरचं दूध दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. गरज पडली तर दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवून बहुतेक बाळं बरी होतात. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येते. तिला दारातून परत पाठवू नका, बाळ उघडून दाखवा.

आनंदीच्या बाळाला जे मिळालं नाही, ते आज सीपीआरमध्ये, आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथवर वेळेत पोचणं तेवढं आपल्या हातात आहे.