विश्लेषण : बाजार कोसळल्यावर जमशेटजी टाटांनी नागपूरच का निवडले?

धंतोलीहून रेल्वेरुळांपलीकडे गांधीसागर तलावाच्या बाजूला गेले, की एम्प्रेस मॉल दिसतो. हे नाव तिथे पूर्वी उभ्या असलेल्या एम्प्रेस मिलचे. अमेरिका, चीन, इंग्लंडमधल्या घडामोडींनुसार कारभार बदलण्याचे जे तंत्र आज बहुराष्ट्रीय कंपन्या वापरतात, ते दीडशे वर्षांपूर्वी या जागेवर वापरले गेले. वापरणाऱ्याला त्याची किंमत आधी मोजावी लागली होती.

पहिला धडा कोणता?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या व्यापारात आले आणि १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले. व्यापार कापसाचा होता, तसा अफूचाही. हे सांगितल्याशिवाय त्या काळची गोष्ट पूर्ण होत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि कापसाचे भाव भडकले. १८६४ च्या अखेरीस जमशेटजी लंडनकडे निघाले. ते तिथे असतानाच, १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या. ते पळाले नाहीत, देणेकऱ्यांना भेटले. त्यांनी पेढीचे हिशेब मिटवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. घराण्याची घडी पुन्हा बसली ती १८६८ च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेत ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याच्या कंत्राटामुळे. निव्वळ कच्च्या मालावर सट्टा खेळला तर दूरच्या युद्धाच्या लहरीवर जगावे लागते, हे या तरुणाला कळून चुकले.

मग मुंबई सोडून नागपूर का?

गिरण्या म्हणजे मुंबई, असा तो काळ. चिंचपोकळीतली एक बंद तेलगिरणी घेऊन त्यांनीही १८६९ मध्ये अलेक्झांड्रा मिल सुरू केली आणि नफ्यात विकली. नंतर त्यांनी हिशेब उलटा मांडला. विदर्भाचा कापूस मुंबईला न्यायचा आणि तयार कापड पुन्हा देशाच्या आतल्या बाजारात आणायचे, म्हणजे भाडे दोनदा. नागपुरात कापूस दाराशी होता, रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती, वरोऱ्याचा कोळसाही जवळ होता.

जुम्मा तलावाकाठची (आपला शुक्रवारी तलाव तोच) दलदलीची जागा त्यांनी घेतली. हा माणूस सोने चिखलात पुरतो आहे, असे वाटून एका स्थानिक सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. पुढे आपली चूक झाल्याचे त्यानेच कबूल केल्याचे सांगतात. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले, म्हणून नाव ‘एम्प्रेस’.

कारभारात वेगळे काय?

व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. ते रेल्वेतले अधिकारी. सुताचा अनुभव शून्य, पण माणसे आणि वेळापत्रक सांभाळण्यात वाकबगार. सुरुवातीची स्वस्त यंत्रे कुचकामी ठरताच ती बदलली. १८८० च्या दशकात रिंग चात्या आणल्या. लँकेशायर तेव्हा जुन्या ‘म्यूल’ यंत्रांनाच धरून होते. नव्या चात्यांवर सूत जास्त निघे आणि कामगार लवकर तयार होई.

खरी अडचण वेगळीच होती. गिरणीत रोज मोठ्या संख्येने कामगार गैरहजर असत. दंडाचा दट्ट्या न लावता जमशेटजींनी त्यांना टिकवण्यावर खर्च केला: हवा खेळती ठेवणारी आणि ओलावा राखणारी यंत्रे, आगीपासून बचावाची सोय, बक्षिसे, १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघात भरपाई. यात दया होती, पण हिशेबही होता. शिकलेला कामगार गेला की गिरणीचेच नुकसान.

सगळे डाव जिंकले का?

नाही. १८८६ मध्ये कुर्ल्याची बुडीत धरमसी मिल घेऊन त्यांनी ‘स्वदेशी’ उभारली. तिने काही वर्षे त्यांना इतके दमवले, की नागपूरची अनुभवी माणसे तिकडे पाठवावी लागली.

चीनला सूत नेणाऱ्या पी अँड ओसारख्या बोट कंपन्यांनी एकजूट करून भाडे चढे ठेवले, तेव्हा जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशाशी हातमिळवणी केली. प्रतिस्पर्ध्यांनी भाडे जवळपास शून्यावर आणले. मुंबईचे काही गिरणीमालक तिकडे सरकले आणि टाटांची बोटसेवा लवकरच बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली. त्याच वर्षी सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. चांदीवर चालणाऱ्या चीनमध्ये भारतीय सूत महागले.

पुढे काय झाले?

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर १८८२ पासून त्यांचा डोळा होता, पण पोलाद त्यांना पाहायला मिळाले नाही. मुलगा दोराबजी त्याच शोधात नागपूरला आले असता अजब बंगल्यातल्या भूगर्भ नकाशाने त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोहखनिजाचा पत्ता दिला. पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली, कारखाना मात्र साकचीला, आजच्या जमशेदपूरला गेला.

नागपुरात एम्प्रेसच्या पाच गिरण्या झाल्या. १९८६ मध्ये त्या टाटांकडून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि २००२ मध्ये भोंगा कायमचा थांबला.