न्यायमूर्ति रानडे आणि त्यांचें विद्यापीठ

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. कोल्हापुरास आरंभींचें शिक्षण संपवून ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्यें गेले, आणि १८५९ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच प्रवेशपरीक्षेंत जे २१ विद्यार्थी उतरले त्यांत त्यांचें नांव होतें. विद्यापीठाच्या कारभारांत विद्यार्थ्यास तेव्हां कांहींच आवाज नव्हता. मत मांडावयाचें तें निबंधांत. रानड्यांनीं एका निबंधांत इंग्रजी अमलापेक्षां मराठी राज्य सरस ठरविलें. जें सरकार शिकवितें त्याचीच निंदा करूं नये, असें बजावून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली. रानड्यांनीं गुरूविषयीं आकस मात्र कधीं धरला नाहीं.

१८६५ सालीं, वयाच्या २३ व्या वर्षीं, ते त्याच विद्यापीठाचे फेलो झाले; कालचा विद्यार्थी नियम करणाऱ्यांच्या पंक्तीस बसला! पुढें वरच्या परीक्षांतून मराठी वगळली गेली. ती परत यावी म्हणून त्यांनीं सिनेटमध्यें चिकाटीनें खटपट केली. मराठींत अभ्यासाजोगे ग्रंथ कोठें आहेत, या आक्षेपास उत्तर म्हणून १८९८ सालीं मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावाच लिहून काढला. शिरूरच्या मुलामुलींनीं मराठी घेऊन पदवी मिळवावी, ही गोष्ट आज किती साधी वाटते!

१६ जानेवारी १९०१ रोजीं रानडे वारले. एम. ए. च्या परीक्षेंत मराठीला जागा मिळाली ती त्यानंतर.