कोर्टाबाहेरचा वकील

शेलूच्या स्थानकावरून माथेरानचा डोंगर स्पष्ट दिसतो. पूर्वेला उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे, सह्याद्रीच्या रांगेत सिद्धगड आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचे अवघ्या तीस वर्षांचे आयुष्य या दोन डोंगरांच्या दरम्यान सामावलेले आहे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीने अंत झाला. हुतात्मा म्हणून समाजाने त्यांचे स्मरण ठेवले. त्यांच्यातला वकील मात्र विस्मरणात गेला.

वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या तरुणाला प्रतिष्ठेचा आणि अर्थप्राप्तीचा मार्ग मोकळा होता. तथापि कर्जत तालुक्यातील ठाकूर, कातकरी आणि कुळे यांची दैना त्यांनी जवळून पाहिली होती. पावसाळ्यात घरातील धान्य सरले की सावकाराकडून खावटी घ्यायची, सुगीत ती दीडीदुपटीने फेडायची आणि न फिटल्यास त्याच्याच शेतावर राबायचे, हा तेथील क्रम होता. ज्याला अंगठ्याखालचा मजकूर वाचता येत नाही, त्याचा दावा न्यायासनापुढे जाण्यापूर्वीच हरलेला असतो, हे कोतवालांनी ओळखले. म्हणून त्यांनी गावोगाव स्वयंसेवकांच्या शाळा चालविल्या आणि खावटीचा फास सैल व्हावा यासाठी धान्याच्या पेढ्या काढल्या. त्यांची खरी वकिली ती हीच.

१९४२ च्या आंदोलनात याच कायदेपंडिताने कायदा मोडला. खोपोली आणि भिवपुरी येथे निर्माण होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना जात होती. ज्या रानातून तारा जात, तेथील पाड्यांवर मात्र अंधारच होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात कोतवालांच्या आझाद दस्त्याने त्या तारांचे मनोरे पाडले. दस्त्यात शेतकरी होते, तसेच त्यांच्या शाळांतील शिक्षकही होते. सिद्धगडावर त्यांच्यासमवेत हिराजी पाटीलही धारातीर्थी पडले. कायद्याच्या उपासकाने हा मार्ग पत्करावा की नाही, याविषयी मतभेद संभवतात. परंतु ज्या राज्यात कायदा करण्याचा अधिकारच प्रजेला नव्हता, तेथे हा प्रश्न वेगळ्या निकषाने तपासावा लागेल.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने रद्द झाली. त्याच वर्षी मोफत कायदेविषयक साहाय्याचे तत्त्व घटनेत समाविष्ट झाले आणि १९८७ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही आला. तरीही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांकडे जातातच. उचल किती घेतली आणि किती फिटली, याचा हिशेब आजही बहुधा मालकाच्याच वहीत असतो. ती वही वाचणारा माणूस मजुराच्या बाजूला उभा नसेल, तर कायद्याचे पुस्तक कितीही जाड असून उपयोग नाही.

हे काम केवळ सनदधारी वकिलांचे नव्हे. हिशेब तपासणारा कारकून, अर्ज लिहून देणारा विद्यार्थी, मुलाला भट्टीवरून शाळेत परत आणणारा शिक्षक, हे सारे कोतवालांच्याच वकिलीचे वारस आहेत. सिद्धगडावर वर्षातून एकदा फुले वाहण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या वारशाचे मोल आहे.