श्रुतसेवक डॉ. आ. ने. उपाध्ये

आपल्या मंदिरांतील ग्रंथभांडारे शतकानुशतके जपली गेली, हे पूर्वजांचे आपल्यावरील मोठे ऋण होय. परंतु कडीकुलपात जपलेली पोथी वाचणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत मुकीच असते. अशा पोथ्यांना वाचा देण्यात ज्यांचे आयुष्य वेचले गेले, त्या विद्वानांत डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे झाला. (आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्मही पुढे १९४६ साली याच गावी झाला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच.) १९३० साली मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी संपादून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले व १९६२ पर्यंत तेथेच राहिले. १९३५ मध्ये आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. १९३९ साली त्यांना डी. लिट. मिळाली.

पोथीचे संपादन म्हणजे केवळ उतरवून छापणे नव्हे. प्रत्येक प्रतीत लेखनिकांच्या हातून पाठ बदललेले असतात. दोन चोपड्यांचा मेळ बसेना की आम्ही व्यापारी मूळ पावती शोधतो. येथे ती मूळ पावती हजार वर्षांपूर्वीच नाहीशी झालेली असते. उरलेल्या प्रती अक्षरशः ताडून योग्य पाठ ठरवावयाचा आणि इतर पाठ तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवावयाचे, हे काम डोळ्यांची व संयमाची परीक्षा पाहणारे आहे.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवला टीका छापावी की नाही, यावर त्या काळी समाजात तीव्र मतभेद होते. सिद्धान्तग्रंथ यंत्रावर चढविण्याने अविनय होतो, असे अनेक श्रद्धावंतांस मनापासून वाटे. डॉ. हीरालाल जैन यांनी ते कार्य धैर्याने हाती घेतले, १९३९ साली पहिला खंड प्रसिद्ध केला आणि उपाध्ये संपादनकार्यात त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ग्रंथ छापला गेला म्हणूनच तो आज आपल्या घरी येऊ शकतो.

विद्वत्तेला द्रव्याची जोड लागते. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ च्या उन्हाळ्यात गजपंथा क्षेत्री विद्वानांचा मेळावा भरवून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापिला व ३०,००० रुपये दिले. १९४४ साली तर सुमारे २ लाखांची आपली सर्व मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधी म्हणून अर्पण केली. इमारतीवर नाव कोरून घेणारे दाते आपल्यात पुष्कळ आहेत. ग्रंथासाठी सर्वस्व देणारा विरळाच. जीवराज जैन ग्रंथमालेचे प्रधान संपादकत्व हीरालालजी व उपाध्ये या दोघांनी सांभाळले. १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’च्या पहिल्या भागाने मालेचा आरंभ झाला.

उपाध्ये स्वतः दिगंबर. पण श्वेतांबर आचार्य उद्द्योतनसूरींच्या ‘कुवलयमाला’वर त्यांनी वर्षानुवर्षे परिश्रम केले. इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण झालेला हा ग्रंथ. जैसलमेरची ताडपत्री प्रत व पुण्याची कागदी प्रत ताडून मूळ पाठ १९५९ साली सिंघी जैन ग्रंथमालेत आला आणि दुसरा भाग तब्बल ११ वर्षांनी, १९७० मध्ये. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशींचे व्यापारी जमले आहेत आणि प्रत्येकाच्या बोलीचा मासला ग्रंथकाराने दिला आहे. त्यात आपला मरहट्टाही आहे. तो अंगाने धट्टाकट्टा, सावळा, सोशीक, पण अभिमानी व भांडखोर! साडेबाराशे वर्षांत पेठेतील माणूस फारसा बदलला नाही, असे गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना मला अनेकदा वाटून जाते.

मानसन्मान पुढे चालून आले. शिवाजी विद्यापीठात ते कला विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. १९६६ साली अलीगढ येथील अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे आणि १९६७ मध्ये श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वयाच्या पासष्टीत, १९७१ मध्ये, म्हैसूर विद्यापीठाच्या जैनविद्या व प्राकृत विभागाची धुरा त्यांनी स्वीकारली आणि पुन्हा नव्याने विद्यार्थी घडविण्यास आरंभ केला. १९७२ साली ‘गीतवीतराग’ त्यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे देहावसान झाले.