न्यायमूर्तींचे दालन आणि बाबासाहेबांची सनद

मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या गावांतून आता आपल्या समाजाची मुलेमुली एलएल.बी. होऊन बाहेर पडत आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्गच्या पक्षकाराला उच्च न्यायालय घाट चढल्यावर गाठता येऊ लागले. अशा वेळी या तरुणांपुढे प्रश्न येतो : न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून वर्षभर राबावे, की थेट वकिलीत उतरावे? उत्तर शोधताना आम्हांला बाबासाहेबांच्या वकिलीकडे वळावेसे वाटते.

ग्रेज इनचे बॅरिस्टर होऊन बाबासाहेब १९२३ साली मुंबईस परतले. अमेरिका आणि इंग्लंडमधील उच्च शिक्षण पदरी होते. पण सनद काढायला पैसे नव्हते. ते नवल भथेना या पारशी मित्राने दिले. त्याच वर्षी उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली. मात्र तेथील मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळे ते सॉलिसिटरच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर राजी नव्हते. ज्यांचे वडील, काका, सासरे वकिलीत, त्यांना चेंबर वारशाने मिळे. बाबासाहेबांना ना चेंबर, ना आडनावाचा आधार. त्यांनी अपिलाची कामे आणि जिल्ह्यांची कोर्टे धरली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. घरी रमाई काटकसरीने दिवस काढीत होत्या.

अशा ओढगस्तीत जिल्हा न्यायाधीशाची जागा त्यांच्यापुढे चालून आली, पुढे उच्च न्यायालयात जाण्याची आशाही दाखवली गेली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. बाबासाहेबांनी ती जागा नाकारली. सरकारी खुर्चीत बसून समाजाचा लढा लढता आला नसता.

नाकारलेल्या खुर्चीच्या बदल्यात समाजाला काय मिळाले, ते पाहा. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर यांची बाजू मांडून त्यांनी पुण्यात त्यांची सुटका करवली. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी चवदार तळे आपल्या मालकीचे म्हणून दावा लावला. येथे बाबासाहेब स्वतःच प्रतिवादी होते. हा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. मालवण, वेंगुर्ला, देवगड तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. कोकणच्या कुळांची बाजू अशी कायद्याच्या भाषेत सभागृहात उभी राहिली.

मग क्लार्कशिपही नाकारावी काय? आम्हांला तसे वाटत नाही. न्यायाधीशपद आयुष्य बांधून घेते. क्लार्कशिप मुदतीची असते. फाइल वाचणे, मुद्दे काढणे, जुने निकाल शोधणे, टिपण लिहिणे हे काम तेथे रोज घडते. हे सारे ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्येही शिकता येते. पण ज्याच्या घरात वकील नाही, त्याला ते चेंबर सहज उघडत नाही, आणि उघडले तरी सुरुवातीला हाती फारसे काही पडत नाही. क्लार्कशिपमध्ये निदान मानधन असते. शिवाय २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, तेव्हा लॉ क्लार्क म्हणून केलेले काम त्यात धरण्यास मुभा दिली.

धोका दोन ठिकाणी आहे. निवड ओळखीवर आणि नामांकित कॉलेजांच्या शिक्क्यावर झाली, तर वारशाचे चेंबरच नव्या नावाने उभे राहील. म्हणून प्रत्येक जागेची जाहिरात, उघड परीक्षा आणि मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. दुसरे असे की, क्लार्क कोर्टात उभा राहून बोलत नाही आणि पक्षकाराचा चेहरा त्याला दिसत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी, कुळाच्या सातबाऱ्यावरची नोंद, अॅट्रॉसिटीच्या फिर्यादीतली पळवाट हे सारे ओरोस-मालवणच्या कोर्टातच शिकावे लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : संधी मिळाली तर क्लार्कशिप जरूर करा, पण मुदत संपताच सनद घेऊन आपल्या माणसांच्या कोर्टात उभे राहा. बाबासाहेबांना सनदेसाठी पैसे उसने घ्यावे लागले. ती सनद त्यांनी महाडच्या पाण्यासाठी खर्ची घातली.

जय भीम!