परमुलखातील वैयावृत्त्य : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

जैन आचारातील सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना होते. मूळ अर्थ रुग्ण व वृद्ध मुनींच्या सेवेचा. तथापि ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिताना एका अजैन महाराष्ट्रीय डॉक्टरांचे चरित्र याच शब्दाने सांगावेसे वाटते. मालवण बंदरात एखादा परभाषक खलाशी आजारी पडला, तर त्याचे दुखणे कोणाला कळणार, हा विचारही त्यामागे आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईत झाले. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. तेथे असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरीही ते परतले नाहीत. हा निर्णय पटायला माझ्यासारख्या गृहस्थास वेळ लागला.

त्यांचे रुग्ण म्हणजे उत्तर चीनमधील शेतकरी व जखमी सैनिक. दुभाष्यामार्फत ताप, खोकला विचारता येतो. पण पाय कापण्याची संमती कशी मागावी? घाबरलेल्या माणसास धीर कसा द्यावा? डॉक्टरांनी चिनी भाषा आत्मसात केली. केवळ बोलण्यापुरती नव्हे, तर तीत ते विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहू लागले. के दीहुआ हे चिनी नावही धारण केले. रुग्णाने आपल्यापर्यंत यावे, अशी अपेक्षा न ठेवता ते स्वतः त्याच्यापर्यंत गेले, आणि मला सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. सैन्यासोबतची ही सेवा अहिंसेत बसते काय, अशी शंका आपल्यापैकी काहींना येईल. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, त्या कॅनेडियन डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी जखमी जपानी कैद्यांवरही उपचार केले होते, एवढे येथे नमूद करतो.

परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी पुत्र झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेवले; यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचे देहावसान झाले. वय अवघे ३२. त्यांची समाधी चीनमधील शिजियाझुआंग येथे आहे.